असं का होतं? : चहा सांडलेला लॅपटॉप

वसमतकडचा हळदीचा शेतकरी जाणतो, शिजवलेली हळद वरून वाळली तरी गाभ्यात ओल राहते. म्हणून ती कितीतरी दिवस उन्हात पसरलेली असते. चहा सांडलेल्या लॅपटॉपचंही तसंच. वरून पुसला, कोरडा वाटला, बटण दाबलं; पडदा काळाच.

अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहत नाही. पण बोअरच्या पाण्यात खडकातले क्षार विरघळलेले असतात, चहात तर दुधातलेही. आतल्या सर्किटवर तांब्याच्या वाटा केसाएवढ्या अंतरावर असतात. क्षारांचा थेंब दोन वाटांत पूल बांधतो, वीज भलतीकडे वळते. बॅटरी जोडलेलीच राहिली तर गंज झपाट्याने तांबं खातो. साखर चिकटून ओल धरते, ते वेगळंच.

म्हणून आधी भिंतीवरचं बटण बंद, मग चार्जर काढा. लॅपटॉप बंद होईपर्यंत पॉवरचं बटण दाबून धरा, मग तो उघडून पालथा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवण्यात अर्थ नाही. तांदूळ क्षार आणि साखर ओढत नाही. दुरुस्तीवाला बॅटरी सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट घासतो. ते पाण्यात मिसळतं आणि लवकर उडून जातं. दुरुस्ती होईपर्यंत ‘चालू होतोय का’ म्हणून बटण दाबून पाहू नका.