एंजिनाचा श्वास आणि उच्छ्वास

मोटारीचे एंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. परंतु वजनाच्या हिशेबाने पाहिले तर ते मुख्यत्वे हवेवर चालते. एक किलोग्रॅम पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. सिलिंडरात अधिक पेट्रोल सोडणे मुळीच अवघड नाही. कार्बुरेटरमधील जेटचे छिद्र मोठे केले की ते काम होते. हवेचे तसे नाही. साध्या एंजिनात ती कोणी ढकलत नाही. दट्ट्या खाली जाताना निर्माण झालेल्या पोकळीत ती वातावरणाच्या दाबाने आपण होऊन शिरते, आणि वाटेत गाळणी, कार्बुरेटर, नळी व झडप असे जे जे अडथळे येतात त्यांपुढे थोडीथोडी हार मानते. एंजिनाची शक्ती वाढवू पाहणारा कारागीर प्रथम हवेच्या येण्याजाण्याच्या वाटांकडे वळतो, त्याचे कारण हेच.

बंगळूर शहरात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील सुखद हवेची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे; परंतु ही हवा विरळही आहे, हे सहसा लक्षात येत नाही. या उंचीवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्यावरील घनतेपेक्षा आठ ते नऊ टक्क्यांनी कमी भरते. सिलिंडर तेवढाच, दट्ट्याची धावही तेवढीच. पण प्रत्येक श्वासात आत येणारा प्राणवायू मात्र कमी. चेन्नईत ५० अश्वशक्ती देणारे एंजिन घाट चढून बंगळुरास पोहोचले की त्याच्याकडे जेमतेम ४६ अश्वशक्ती उरते.

पन्नास हा आकडा येथे सहज घेतलेला नाही. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात मध्यम आकाराच्या गाडीत भले मोठे आठ सिलिंडरांचे एंजिन बसविण्याची प्रथा पडली आणि अशा गाड्यांना ‘मसल कार’ हे नाव मिळाले. भारतात जिला लोक कौतुकाने हे नाव देतात ती हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा होय. १९८४ ते २००२ या काळात ती उत्पादनात होती. व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवरून घेतलेले तिचे अंग रुंद व भारदस्त होते. परंतु प्रारंभी त्या अंगाखाली अँबॅसडरचेच १,४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन होते आणि त्याची शक्ती होती सुमारे ५० अश्वशक्ती. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे एंजिन आले तेव्हा कोठे गाडीचे रूप आणि चाल यांचा थोडाफार मेळ बसला.

हे जुने एंजिन ज्या ब्रिटिश घराण्यातील होते, त्याच घराण्यातील आणि नेमक्या तेवढ्याच आकारमानाचे एंजिन १९५५ साली एम.जी.ए. या क्रीडामोटारीत बसविण्यात आले होते. तेथे त्याने ६८ अश्वशक्ती दिली व थोड्याच काळात ७२. आकारमान तेच असता ही वाढ आली कोठून? एका कार्बुरेटरच्या जागी दोन आले, झडपा मोठ्या झाल्या, मिश्रण अधिक दाबले जाऊ लागले. थोडक्यात, एंजिनाला श्वास घेणे सोपे करून देण्यात आले.

मिनिटाला ४,२०० फेरे घेणारे चार-धावी एंजिन त्या मिनिटात प्रत्येक सिलिंडर २,१०० वेळा भरते. १,४८९ घन सेंटिमीटरच्या हिशेबाने ही हवा सुमारे ३,१०० लिटर व्हावयास हवी. प्रत्यक्षात तिचा पाऊण हिस्सा किंवा थोडा अधिक भाग आत पोहोचतो. उरलेला भाग वाटेतील अडथळे खातात, आणि सुधारणेला वाव आहे तो एवढ्याच भागात. त्यातही या एंजिनाची एक खोड आहे. त्याच्या चार सिलिंडरांना हवा आत घेण्यासाठी दोनच तोंडे आहेत. दोन शेजाऱ्यांनी एकाच नळावर पाणी भरावे तशी ही व्यवस्था आहे, आणि बाहेरून कितीही चकचकीत गाळणी बसविली तरी ती बदलत नाही.

शिवाय हवा आत नेणारी नळी आणि तप्त वायू बाहेर नेणारी नळी या एंजिनाच्या एकाच अंगाला, एकीवर एक आहेत. त्यामुळे आत जाणारी हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. बाहेर ३५ अंश सेल्सियस तापमान असताना गाडीच्या टपाखालची ६० अंशांची हवा एंजिनाने ओढली, तर घनता साडेसात टक्क्यांनी घटते. हे नुकसान बंगळूरच्या उंचीने केलेल्या नुकसानीच्या जवळपास आहे. मूळ गाळणीची पेटी काढून तेथे उघडी गाळणी लावण्याची हौस पुष्कळांना असते. त्यामुळे एंजिनाचा आवाज दमदार होतो आणि मालकाला शक्ती वाढल्याचा भास होतो. वस्तुतः एंजिन टपाखालची गरम हवा पिऊ लागलेले असते. गाडीच्या पुढच्या भागातून थंड हवा आणणारी साधी नळी याहून अधिक उपयोगी पडते.

आता उच्छ्वासाकडे वळू. निष्कासाची झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावत सुटते. नळीच्या उघड्या टोकाशी ती पोहोचली की तेथून उलट फिरते; मात्र परतताना ती दाबाची न राहता ओढीची लाट झालेली असते. ही ओढ योग्य क्षणी झडपेपाशी पोहोचली तर सिलिंडरातील उरलासुरला धूर ती बाहेर खेचते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. ८० सेंटिमीटर लांबीच्या नळीत जाऊन येण्यास तिला सुमारे ३.२ सहस्रांश सेकंद लागतात. ४,५०० फेऱ्यांच्या वेगाने चालणारा क्रँकशाफ्ट तेवढ्यात ८६ अंश फिरतो. वेग बदलला की हा हिशेब चुकतो. म्हणून नळीची लांबी व व्यास ठरविणे म्हणजे एंजिनाने कोणत्या वेगाला उत्तम काम करावे हे ठरविणे होय. फार रुंद नळीत वायूची गती मंदावते आणि कमी फेऱ्यांवरील ओढ नाहीशी होते. बंगळूरच्या रस्त्यांवर गाडी बहुतांश वेळ कमी फेऱ्यांवरच चालते, हे येथे विसरून चालणार नाही.

दोन-धावी एंजिनात या लाटांचे महत्त्व कितीतरी अधिक. पूर्व जर्मनीतील एम.झेड. कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी फुगीर पोटाच्या नळीने परतीच्या लाटेकरवी निसटते मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलले, आणि १९६१ साली त्यांचे १२५ घन सेंटिमीटरचे एंजिन २५ अश्वशक्तीपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने त्याच्यासह ५० घन सेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद मिळविले. उलट दिशेचे उदाहरण भारतातील आहे. यामाहाच्या आर.डी. ३५० या मोटारसायकलीची शक्ती मूळची ३९ अश्वशक्ती. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने ती राजदूत या नावाने आणली तेव्हा पेट्रोल वाचविण्यासाठी मुख्यतः निष्काससंस्थेत फेरबदल करून ती ३०.५ व २७ अश्वशक्तीपर्यंत उतरविण्यात आली होती. नळी आवळून शक्ती काढून घेता येते, याहून स्पष्ट पुरावा कोणता?

वाटा मोकळ्या केल्यावर इंधनाचे प्रमाणही नव्याने बसवावे लागते. हे न केल्यास मिश्रणात हवा अधिक होते, ज्वलनाचे तापमान वाढते आणि दट्ट्याचा माथा वितळण्यापर्यंत पाळी येते. बंगळुरात जुळविलेला कार्बुरेटर चेन्नईच्या दाट हवेत हाच धोका उत्पन्न करतो. चेन्नईजवळ शोळावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत. तेथे पठारावरून उतरलेल्या एंजिनाला मोठ्या जेटची गरज पडे, ती याच कारणाने.

सार्वजनिक रस्त्यावर मात्र कायदा आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल करू देत नाही. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या काँटेसाच्या मालकाकडे मग उरते ते साधेच काम: गाळणी स्वच्छ ठेवणे, सायलेन्सरात साचलेली काजळी काढणे, झडपांमधील अंतर नेमके बसविणे आणि बंगळूरच्या हवेला मानवेल असे मिश्रण जुळविणे.