गॅलरीतून दिसणारं कोर्ट

मार्च महिन्यात आमच्या घरात पहाटे साडेचारला दिवा लागतो. समोरच्या इमारतीतल्यांना वाटावं, पोरीची परीक्षा जवळ आली. परीक्षा असतेच, पण दिवा तिच्यासाठी नसतो. अमेरिकेत तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि तिथल्या कॉलेजांचे बास्केटबॉलचे सामने रंगात आलेले असतात. लेकीचा मामा उत्तर कॅरोलिनातल्या रॅली शहरात असतो. तो तिकडे टीव्हीपुढे, ही इकडे विश्रांतवाडीत मोबाइलपुढे, आणि दोघंही समोर दिसणारीच गोष्ट एकमेकांना फोनवर सांगत असतात. एके काळी याच घरातून अमेरिकेला तीन मिनिटं बोलायचं तर एसटीडी बूथवर जाऊन लाल आकडे पळताना बघावे लागत. आता मामा-भाची तासभर बोलतात आणि त्यातला निम्मा वेळ नुसतं ‘अरेरे’ म्हणतात.

ही स्पर्धा १९३९ साली आठ संघांनी सुरू झाली. १९८५ साली चौसष्ट झाले, २०११ साली अडुसष्ट. हरला तो घरी. सगळ्या लढतींचे निकाल आधीच लिहून ठेवायचे, हा तिथल्या ऑफिसांतला या दिवसांतला आवडता उद्योग. मुख्य फेरीच्या त्रेसष्ट सामन्यांचे निकाल नाणं उडवून ठरवले, तर सगळे बरोबर येण्याची शक्यता किती? एकात भागिले एक एकोणीस अंकी संख्या. आजवर असा बिनचूक तक्ता कोणी भरल्याची नोंद नाही. यंदा लेकीने एआयला विचारून तक्ता भरला, मामाने तीस वर्षांच्या अनुभवावर भरला. दोन्ही तक्ते एकाच रात्री निकालात निघाले. यंत्राचं आणि मेहुण्याचं एकदमच नाक कापलं गेल्याने मला त्या दिवशी चहा जरा जास्तच गोड लागला.

या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मोकळीक २०२१ साली मिळाली आणि २०२५पासून कॉलेजंच त्यांना थेट पैसे देऊ लागली. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक कोण, तर पुढच्या सामन्याचे संघ, राखीव खेळाडू आणि चाव्या घेऊन उभा असलेला शिपाई. लेक तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या संघात आहे. तिला मिळालं काय? एक ट्रॅकसूट, आणि हजेरीपुस्तकातली सवलत, तीसुद्धा मागून घेतलेली. आता तिचं तिसरं वर्ष आहे. कंपन्या कॉलेजात यायच्या आधी कोडिंगची तयारी करायची, की संध्याकाळी सरावाला जायचं, यावर घरात रोज खल होतो. मध्ये मी सहज म्हणालो, की मायकल जॉर्डन १९८४ साली तीन वर्षांनीच कॉलेज सोडून व्यावसायिक खेळाडू झाला. लेकीचे डोळे चमकले. पण १९८६ साली त्याने राहिलेला अभ्यास पुरा करून पदवी घेतली, हेही मी सांगून टाकलं. तेव्हापासून माझ्या आईने त्या बिचाऱ्याला घरच्या शिकवणीला लावलं आहे. ‘तो जॉर्डन एवढा मोठा, पण डिग्री घेतलीच ना?’ हे वाक्य आमच्याकडे आठवड्यातून तीनदा तरी ऐकू येतं.

पण लेकीच्या खेळाचा खरा प्रश्न डिग्रीचा नाही, पार्किंगचा आहे.

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला सिमेंटचं अर्धं कोर्ट आहे. एक खांब, एक बोर्ड, एक रिंग. पुऱ्या कोर्टाचं माप अठ्ठावीस मीटर बाय पंधरा. आमचं बारा बाय दहासुद्धा जेमतेम भरेल. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ते काढून तिथे मोटारी उभ्या करायच्या आणि विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करायची, असा विषय आहे. हा विषय मूर्खपणाचा आहे, असं मुळीच नाही. इमारत उभी राहिली तेव्हा घरटी एक स्कूटर होती. आता काही घरांत माणसांइतकी वाहनं आहेत. आळंदी रोडला गाडी लावून सकाळी ती धड सापडेल, याची हमी कोणी द्यावी? सेक्रेटरींचं म्हणणं समजतं. फक्त मी टेप घेऊन हिशेब केला. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा, शिवाय गाडी वळवायला वाट. अर्ध्या कोर्टात सहा मोटारी बसतात, फार फार तर सात.

त्याच जागेत दुसरं काय काय बसतं? मे महिन्यात कुरडया आणि पापड बसतात. गणपतीचा मांडव बसतो. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते, त्या दिवशी थकलेले वारकरी तिथे घटकाभर टेकतात, चहा घेतात. उरलेले दिवस साडेपाचनंतर पोरं. तळमजल्यावरच्या काकांची चेंडूच्या ‘धप्प धप्प’बद्दल लेखी तक्रार आहे. वरून लोहगावची सुखोई विमानं जातात तेव्हा आम्ही वाक्य अर्ध्यात थांबवून, ती गेल्यावर पुढे बोलतो. त्यांच्याविरुद्ध काकांची तक्रार नाही. देशप्रेम म्हणतात ते हेच असावं!

मुळात हा खेळ अशाच अडचणीतून जन्मला. डिसेंबर १८९१. अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत अठरा कंटाळलेली पोरं आणि एक व्यायामशाळा. नेस्मिथनी तेरा नियम लिहिले आणि पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकवल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. पुढे गॅलरीतले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवायला किंवा ढकलायला लागले, म्हणून टोपलीमागे बोर्ड आला. लगेच १८९२ साली सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजातल्या मुलींना हा खेळ शिकवला. १८९३ साली तिथे मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता.

गॅलरीचं महत्त्व आमच्याकडेही आहे. लेक सातवीत होती तेव्हा तिला रात्री आठपर्यंत खेळायची परवानगी मिळाली, ती फक्त कोर्ट आमच्या गॅलरीतून दिसतं म्हणून. पोळ्या लाटता लाटता तिची आई दोनदा बाहेर डोकावायची, बस्स. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला केवढं मोठं क्रीडासंकुल उभं राहिलं. पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. सातवीतली मुलगी शाळा सुटल्यावर विश्रांतवाडीहून रोज तिथे जाणार कशी आणि परत येणार कधी? पुण्याचीच शिरीन लिमये २०२१च्या आशिया चषकात भारतीय महिला संघाची कर्णधार होती. हे सांगितल्यावर सभेत टाळ्या पडतील. त्यानंतर लगेच मोटारींचा विषय मंजूर होईल. आता संध्याकाळी लेकीबरोबर सोसायटीतल्या चार-पाच लहान मुली असतात. ती त्यांना डाव्या हाताने ड्रिबल करायला लावते. त्यातल्या दोघींच्या आया मला जिन्यात गाठून विचारतात, ‘काका, खरंच काढणार का हो कोर्ट?’

मी सभेत बोलणार आहे. पूर्वीचा अनुभव असा, की पहिला तास मागच्या सभेचं इतिवृत्त आणि पाण्याच्या टँकरमध्येच जातो. बास्केटबॉललाही हा रोग होता. १९५० साली फोर्ट वेन आणि मिनियापोलिस या संघांचा व्यावसायिक सामना एकोणीस विरुद्ध अठरा असा संपला, कारण चेंडू नुसता धरून वेळ काढला तरी चालत असे. प्रेक्षक वैतागले. मग १९५४ साली सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोने यांनी कागदावर गणित मांडलं. सामन्याचे २,८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० नेम, भागाकार चोवीस. चोवीस सेकंदांत नेम मारा, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या. टांगत्या घड्याळाने सगळा खेळ बदलला. असं एक घड्याळ सोसायटीच्या कार्यालयात लावावं, ही सूचना मी लेखी देणार होतो, पण बायकोने कागद काढून घेतला.

सूचना दुसरी दिली आहे. विजेच्या गाड्या सोसायटीत सध्या तीन आहेत. कंपाउंडच्या भिंतीलगत, मीटरच्या खोलीजवळ त्यांच्या चार्जिंगची सोय होते, केबलही कमी लागते. इलेक्ट्रिशियनला दाखवून घेतलं, तो हो म्हणाला. राहिल्या सहा मोटारी. त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही. सभेत कोणाकडे असेल तर ऐकायची तयारी आहे.

दरम्यान गेल्या पावसाळ्यात खांब कलला आणि रिंग चार बोटं खाली आली. घरी त्याच रिंगची सवय झाल्याने कॉलेजच्या कोर्टवर आपले पहिले दोन-तीन नेम आखूड पडतात, असं लेकीचं म्हणणं आहे. शनिवारी वेल्डर येतो आहे. बिल कोणत्या खात्यात टाकायचं, हे सेक्रेटरींनी अजून सांगितलेलं नाही.