उभ्या गाडीत उंदीर शिरू नये म्हणून

मोटारीच्या पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली, काळ्या प्लास्टिकचा एक लांब पट्टा असतो. त्याच्या फटींतून बाहेरची हवा आत शिरते. खाली पत्र्याची पन्हाळ असते. तिच्या एका बाजूला साधारण तळहाताएवढे तोंड असते आणि तिथून हवा ब्लोअर, फिल्टर, कूलिंग कॉइल असे करत डॅशबोर्डच्या झरोक्यांपर्यंत जाते. पावसाचे पाणीही याच पन्हाळीत पडते आणि कडेच्या भोकांतून चाकांमागे निचरते. पन्हाळ आडोशाची आणि अंधारी असते. गाडी रोज पळत असेल तर तिथे कोणी टिकत नाही, पण आठ-दहा दिवस जागची हलली नाही की उंदराला याहून चांगली जागा सापडणे अवघड.

उंदीर वरच्या फटींतून क्वचितच येतो. टायरवरून तो वर चढतो, वायरिंगच्या जुडग्यावरून इंजिनावर येतो आणि बोनेटच्या बिजागरीजवळच्या फटीतून पन्हाळीत उतरतो. लहान उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला बारा-तेराची. डोके गेले की अंग मागून जातेच.

बीड जिल्ह्यात, अहिल्यानगर-जामखेड रस्त्यावरच्या कडा या गावात गाडी सहसा गॅरेजात नसते. ती पडवीला, गोठ्याच्या पत्र्याखाली किंवा कांदा चाळीच्या सावलीत उभी असते. शेजारी कडब्याची गंजी, सरकी पेंडीची पोती, बाजरीचे खळे. पेंड खायला आणि गाडी राहायला, दोन्ही दहा पावलांत. खरीप निघाला की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात, नेमक्या त्याच दिवसांत दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहिलेली जीप किंवा मोटारसायकल मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, उभीच. ट्रॅक्टरचे उलटे: हंगामभर उसाच्या फेऱ्या आणि त्यानंतर विसावा. बंद केबिनचा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या हवेच्या पेटीलाही हेच भोगावे लागते.

माणसाने सोडलेली जागा आणि हाताशी धान्य, हा मेळ बीड जिल्ह्याने फार मोठ्या रूपात पाहिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहू लागले, धान्य घरातच राहिले आणि उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड तालुक्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा त्यामागचे कारण असेच सांगितले गेले. गाडीतल्या चार उंदरांची त्याच्याशी बरोबरी नाही. पण उंदराचा हिशेब तोच असतो.

आत कोणी आहे की नाही, हे कळायला रांगोळीची पूड किंवा चाळलेली राख पुरते. संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर बॅटरीच्या झाकणावर आणि बिजागरीपाशी चिमूटभर पसरावी. सकाळी त्यात बारीक पंजे उमटलेले दिसतात, कधी मधून शेपटीची रेघ गेलेली असते. ब्लोअर सुरू करताच खडखड वाजले, तर पंख्यात हरभरा किंवा तूर पडली असण्याची शक्यता मोठी. बहुतेक गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो ओढला की सगळे उघडे पडते: बोनेटच्या अस्तराचा कुरतडलेला फोम, सुतळीचे धागे, सरकीचा कापूस, कांद्याची टरफले आणि मधोमध मुठीएवढी मऊ वाटी. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर उंदीर लहान.

खरा उपाय जाळीचा. वायपर आणि प्लास्टिकचा पट्टा काढून पन्हाळीतले हवेचे तोंड उघडे करावे आणि त्यावर पाव इंची भोकांची वेल्डेड जाळी बसवावी. पाव इंच म्हणजे तारेच्या मध्यापासून पुढच्या तारेच्या मध्यापर्यंत सहा मिलिमीटरच्या थोडे वर, म्हणून मोकळे भोक सहाच्या आतच राहते. तार पाऊण मिलिमीटरची धरली तरी जवळपास ऐंशी टक्के जागा हवेला मोकळी राहते. डासांची ॲल्युमिनियमची जाळी इथे निकामी: उंदीर ती फाडतो आणि धुळीने ती बुजतेही. जाळी तोंडापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठी कापावी, कडा दुमडाव्यात आणि स्क्रू-वॉशरने आवळावी. नुसते चिकटवून चालत नाही, दातांना एक सैल कोपरा पुरतो. जाळी बसवताना पाण्याची भोके झाकली जाऊ नयेत. पन्हाळीतला लिंबाचा पालाही तेव्हाच काढून टाकावा, नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पायाशी येते.

मागच्या बंपरआड, दोन्ही अंगांना, आतली हवा बाहेर टाकणाऱ्या रबरी झडपा असतात. त्या फाटल्या असतील तर डिकीत वाट होते. वायरिंग जिथून केबिनमध्ये शिरते तिथली रबरेही चाचपावीत. गाडी लावताना आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून ठेवले तर ब्लोअरच्या तोंडावरची झडप बंद राहते. मात्र ही झडप प्लास्टिकची असते आणि काही गाड्यांत ती आपोआप उघडते, म्हणून जाळीऐवजी तिच्यावर विसंबू नये.

तंबाखूची पाने, मिरचीपूड, फिनाइल यांवर गावोगाव विश्वास आहे. होंडा कंपनी तर वायरींना गुंडाळायची तिखट चिकटपट्टी विकते. वासाने उंदीर चार दिवस बिचकतो, मग सरावतो. डांबर गोळ्या पन्हाळीत टाकणे तर चूकच, कारण त्यांची वाफ ब्लोअर थेट नाकाशी आणतो. विष त्याहून वाईट. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तोवर कॉइलच्या पेटीत शिरलेला असला तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. विष खाल्ले की उंदीर पाण्यासाठी बाहेर जाऊन मरतो, ही नुसती समजूत आहे. त्यापेक्षा पिंजरा चाकापाशी लावावा, पेंडीची पोती दूर हलवावीत, सीटखाली सांडलेले शेंगदाणे-फरसाण झाडून घ्यावे आणि घरात राहिलेल्या कोणीतरी दोन-तीन दिवसांआड गाडी चार हात हलवावी.

घरटे आधीच झाले असेल तर जाळी ठोकण्याआधी उंदीर बाहेर काढावेत, नाही तर ते आत कोंडून मरतात. घाण कोरडी झाडू नये. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि अमेरिकेत अशाच कोरड्या धुळीतून श्वासावाटे हंताविषाणूची लागण होते. दारे अर्धा तास उघडी ठेवून, हातमोजे आणि मास्क घालून, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी असे द्रावण शिंपडावे आणि पाच-दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. ॲल्युमिनियमच्या कॉइलवर हे द्रावण मारू नये, ते धातू खाते. कॉइलसाठी एसीवाल्यांकडे फेसाचे क्लीनर मिळते. मुताचा वास राहिला तर दुसरे उंदीर त्याच मागाने येतात, म्हणून बिजागरीचा कोपराही पुसावा. शेवटी पुन्हा रांगोळी पसरावी. तीन-चार सकाळी पूड कोरी राहिली की मगच नवा फिल्टर घालावा.