आजी गोळी का टाळतात?

केसपेपरवर डॉक्टर रोगाचे नाव लिहितात. परिचारिकेलाही एक निदान लिहावे लागते, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. हे निदान रोगाचे नसते. रोगामुळे त्या माणसाला कसला त्रास होतो आणि त्याला काय करता येत नाही, याचे असते. त्याला नर्सिंग डायग्नोसिस म्हणतात. १९७३ साली अमेरिकेतील सेंट लुइस शहरात परिचारिका एकत्र जमल्या आणि अशा निदानांची यादी करू लागल्या. त्यातूनच १९८२ मध्ये 'नांदा' ही संघटना उभी राहिली. लिहिण्याची रीत सोपी आहे. त्रास कोणता, तो कशामुळे, आणि तो कोणत्या खुणांवरून कळला.

आम्ही जी.एन.एम. शिकत होतो तेव्हा केस स्टडीसाठी आम्हा मुलींच्या वाट्याला सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. कागदावर लिहिले होते हार्ट फेल्युअर. याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. हृदयाचा पंप कमजोर होतो, रक्त पुरेसे पुढे ढकलले जात नाही आणि अंगात पाणी साठते. आजी तीन उशा लावून बसल्या बसल्याच झोपत. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडून राही. मोरीपर्यंत गेल्या तरी दम लागे. वर्षभरात त्या दुसऱ्यांदा भरती झाल्या होत्या.

अशा रुग्णाला आठ-दहा निदाने लागू पडतात. मग आधी कोणते लिहायचे? नियम असा की ज्याने जीव जाईल ते पहिले. म्हणून श्वासाचा त्रास आणि हृदयातून कमी रक्त बाहेर पडणे ही दोन वर. मग अंगात साठलेले पाणी, थोड्या श्रमाने येणारा थकवा, चक्कर येऊन पडण्याचा धोका. इथवर आमच्यात एकमत होते.

पुढचा प्रश्न अवघड होता. जुन्या कागदावर शेरा होता, 'गोळ्या नियमित घेत नाही'. नर्सिंगच्या वहीत अशा ठिकाणी 'माहितीचा अभाव' असे लिहून मोकळे होण्याची रीत आहे. पण 'कशामुळे' हा रकाना भरायचा तर विचारावे लागते. आम्ही आजींच्या खाटेवर बसून विचारले.

"पोरी, लघवीची गोळी हाय ती. संध्याकाळी घेतली की राती चारदा उठावं लागतं. संडास गल्लीच्या टोकाला, दिवा न्हाई. सुनेला किती येळा उठवू? ती सकाळी कामाला जाती."

आजींना गोळी कशाची ते पक्के माहीत होते. अभाव माहितीचा नव्हताच. म्हणून आम्ही लिहिले : औषध चुकते, कारण संडास दूर आणि वाटेत अंधार, खूण म्हणजे पायाची सूज आणि पुन्हा भरती.

कारण बदलले की उपाय बदलतो. 'माहितीचा अभाव' लिहिले असते तर आजींना आणखी एक भाषण ऐकावे लागले असते. फ्युरोसेमाइडसारखी गोळी तासाभरात काम सुरू करते आणि तिचा जोर साधारण सहा तास राहतो. आम्ही डॉक्टरांना अडचण सांगितली. त्यांनी संध्याकाळची गोळी दुपारी दोनला आणली. रात्रीसाठी खाटेजवळ झाकणाचे भांडे ठेवायचे ठरले. सुनेने लगेच होकार दिला.

आपल्या घरात असा रुग्ण असेल तर एवढे करा :

• रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे असे समजा आणि दवाखाना गाठा. काटा नसेल तर चप्पल घट्ट होते का, उशा वाढल्या का, ते पाहा.
• पापड, लोणचे, सुकट, खारा बोंबील बंद. यांतले मीठ पाणी धरून ठेवते.
• अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यांनीही अंगात पाणी साठते.
• गोळी स्वतःहून बंद करू नका, वेळही बदलू नका. का जमत नाही ते डॉक्टरांना, सिस्टरना स्पष्ट सांगा. संडास लांब आहे, पैसे नाहीत, घरी कोणी नसते, हे सांगण्यात लाज कसली?
• छातीत दुखले, आडवे होताच जीव घुसमटला, ओठ निळे पडले, तर १०८ ला फोन करा.

रुग्णाला अडाणी ठरवणे सोपे असते. त्याला विचारायला पाच मिनिटे लागतात. आणि काही कारणे वॉर्डात मिटत नाहीत, ती गल्लीत मिटवावी लागतात. संडासच्या दिव्यासाठी, घराजवळच्या संडाससाठी वॉर्ड ऑफिसला अर्ज द्याल तेव्हा गल्लीत लघवीची गोळी घेणारे किती जण आहेत, तो आकडाही त्यात लिहा.