अर्धा अंश

पुणे-नाशिक रस्त्यावर पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडी उडते, काचेवर टिचभर तारा उमटतो आणि दोन-चार दिवसांत त्या ताऱ्याची लांबलचक चीर होते. पूर्वी यावरचा इलाज सोपा होता. जुनी काच काढायची, नवी चिकटवायची, सीलंट पक्कं झालं की गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात. आता अनेक नव्या गाड्यांत आरशामागे, काचेलाच चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये कॅमेरा असतो. पुढची गाडी, रस्त्यावरचे पट्टे, आडवा जाणारा माणूस तो ओळखतो आणि वेळ पडली तर चालकाच्या आधी ब्रेक लावतो. "काच बसवायला दीड तास, कॅमेरा सरळ करायला त्याहून जास्त," असं भोसरीतल्या एका काचवाल्याने आमच्या संपादकांना सांगितलं होतं. त्या वाक्यापायी मला तिकडे पिटाळण्यात आलं.

इतिहास थोडक्यात सांगते. एकाच कॅमेऱ्यावरून पुढच्या वाहनाचं अंतर काढता येईल, या भरवशावर १९९९ साली जेरुसलेममध्ये मोबिलआय ही कंपनी निघाली. २०१७ मध्ये इंटेलने ती १५ अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतली. आपल्याकडे २०२१ साली चाकणमध्ये बनणारी एक्सयूव्ही ७०० ही गाडी आली आणि चालकाला मदत करणाऱ्या अशा यंत्रणांसाठीचा 'अ‍ॅडास' हा शब्द सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकू येऊ लागला. कॅमेऱ्याचं कौतुक जाहिरातींत भरपूर झालं. काच बदलल्यावर त्याचं काय करायचं, याबद्दल मात्र शोरूममध्ये कोणी बोलत नाही.

भोसरीतल्या त्या काचवाल्याच्या शेडमध्ये पोरं ज्यांना मास्तर म्हणतात ते पंचेचाळिशीचे गृहस्थ आधी अपघातातल्या गाड्यांच्या चासी सरळ करायचे. "मॅडम, मागून या, गाडीसमोरून जाऊ नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. गाडीसमोर स्टँडवर काळ्या-पांढऱ्या चौकटींची पाटी उभी होती. मागच्या भिंतीवर साधा राखाडी पडदा, छपरातल्या पारदर्शक पत्र्यांवर ताडपत्री. कॅमेऱ्याला पाटीसारखं दुसरं काही दिसायला नको आणि उन्हाचा कवडसा तर अजिबात नको.

मला वाटत होतं, लॅपटॉप जोडतील आणि बटण दाबतील. मास्तरांनी खिशातून ओळंबा काढला. बोनेटच्या पुढच्या चिन्हाच्या मधोमध दोरी धरून तो खाली सोडला, डुलायचा थांबेपर्यंत गप्प उभे राहिले आणि टोकाखाली फरशीवर खडूची फुली मारली. मागच्या चिन्हाखाली दुसरी फुली. दोन्हींवरून सुतळी ताणून ती गाडीच्या पुढे नेली. पाटी उभी करायची ती याच रेषेवर. अंतर कंपनीच्या पुस्तकात दिलेलं, मिलिमीटरपर्यंत. त्याआधी चारही टायरमधली हवा तपासून झाली होती, डिकीतली क्रिकेटची किट आणि पाण्याचे कॅन उतरवले होते, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं होतं. गाडी मागून बसली की कॅमेरा आभाळाकडे बघतो. एवढं सगळं झाल्यावर स्कॅनर जोडला. स्कॅनरचं काम काही मिनिटांतच उरकलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मास्तरांनी फरशीवर खडूनेच मांडून दाखवलं. कॅमेरा एक अंश डावीकडे वळलेला असेल तर शंभर मीटरवर नजर पावणेदोन मीटर सरकते. आपल्या महामार्गाची लेन साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन गेली. वर-खाली चुकलं तर आणखी वाईट. पुढच्या गाडीची चाकं क्षितिजाच्या किती खाली टेकलेली दिसतात, यावरूनही कॅमेरा अंतर ताडतो. तो जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर असेल, तर ५० मीटरवरची गाडी क्षितिजाखाली जेमतेम दीड अंशावर दिसते. त्यातला अर्धा अंश चुकला तर नुसत्या या हिशेबाने तीच गाडी ७५ मीटरवर भासते. चालता चालता कॅमेरा स्वतःला थोडा सावरून घेतो, पण त्याला मर्यादा आहे.

काच नवी, कॅमेरा तोच, मग अर्धा अंश येतो कुठून? ब्रॅकेट काचेवर चिकटवताना केसभर फरक पडतो. काच सीलंटच्या थरावर थोडी खाली-वर बसते. स्वस्तातल्या काचेचा बाक कॅमेऱ्यासमोर किंचित वेगळा असला की प्रतिमाच वाकते.

खरी पंचाईत पुढे आहे. जुनाच कॅमेरा नव्या काचेवर परत अडकवला, तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. "दिवा नाही ना? मग झालं," असं म्हणून किती गॅरेजवाले गाडी देऊन टाकत असतील, देव जाणे. विम्याचा सर्व्हेअर काचेचं बिल मुकाट्याने मंजूर करतो आणि कॅमेरा सरळ करण्याच्या, म्हणजे कॅलिब्रेशनच्या, आकड्यावर बोट ठेवून विचारतो, हे कशाचे? गिऱ्हाइकालाही ते फुकटचं वाढवलेलं बिल वाटतं. त्यात पाटी मांडायला लागणारी सपाट फरशीची एवढी मोकळी जागा भोसरीच्या भाड्यात परवडवायची, तर दिवसाला चार गाड्या हव्यात. होतात दोन.

काही गाड्यांना पाटी चालतच नाही. त्यांना स्कॅनर जोडून ठरावीक वेगाने रस्त्यावर पळवावं लागतं, दोन्ही बाजूंचे पट्टे स्वच्छ दिसतील अशा रस्त्यावर. मास्तर त्या गाड्या उजाडताच द्रुतगती मार्गावर नेतात, टोल स्वतःच्या खिशातून. मुंबईकडे जाताना सूर्य पाठीशी असतो, काम होतं. तिकडे नाही झालं तर परतीला ऊन थेट कॅमेऱ्यात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात गाड्या रांगेत थांबतात. मालकाला घाईच असेल तर मास्तर यंत्रणा बंद करून गाडी देतात आणि बिलावर लाल पेनाने तसं लिहितात.

काम झालं की ते स्कॅनरमधून निघालेला आधीचा आणि नंतरचा कागद हातात ठेवतात; तो डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो आणि गाडी विकताना हरवतो. जुनी गाडी घेणारा टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, काचेबद्दल चकार शब्द काढत नाही. मास्तरांनी मला काचेच्या कोपऱ्यातला बारीक शिक्का दाखवला. त्यात बनवणाऱ्याचं नाव असतं आणि वर्षाची खूण. दारांच्या काचांवरचा शिक्का एक आणि पुढच्या काचेवरचा दुसरा असेल, तर काच बदललेली असण्याची दाट शक्यता. मग तो कागद मागायचा, आणि नसेल तर कॅलिब्रेशनचा खर्च गाडीच्या किमतीतून कापून घ्यायचा.