तडकलेला डॅशबोर्ड: रेक्झिन का फाटतं आणि पुन्हा कसं सांधायचं?



मागच्या एका पाठात आपण प्लॅस्टिकचे प्रकार पाहिले होते. तेव्हा एका मुलाने विचारलं होतं, "सर, नळाचा पाइप पण पीव्हीसी आणि सीटचं रेक्झिन पण पीव्हीसी, मग एक कडक आणि एक मऊ कसं?" प्रश्न फार चांगला होता. त्याचं उत्तर आज एका जुन्या गाडीच्या निमित्ताने देतो.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याने काही वर्षांपूर्वी १९७२ ची डॅटसन २४०झेड घेतली. ही जपानी स्पोर्ट्‌स कार १९६९ मध्ये बाजारात आली. जपानमध्ये तिचं नाव फेअरलेडी झेड, अमेरिकेत २४०झेड. तिथे सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर होती, म्हणजे त्या काळच्या युरोपियन स्पोर्ट्‌स गाड्यांच्या मानाने बरीच स्वस्त. गाडी आजही लोकांना वेड लावते. पण जुनी २४०झेड बघायला गेलात की आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे पत्र्याचा गंज आणि दुसरी म्हणजे डॅशबोर्डच्या भेगा. भेग नसलेला मूळ डॅशबोर्ड मिळणं म्हणजे नशीबच.

हा डॅशबोर्ड तीन थरांचा असतो. आत पत्र्याचा सांगाडा, त्यावर फोम आणि सगळ्यात वर साच्यात घडवलेलं काळं व्हिनाइल. व्हिनाइल म्हणजेच आपलं रेक्झिन. शुद्ध पीव्हीसी मुळात कडकच असतं. ते मऊ करायला त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात, त्याला मृदुकारक म्हणतात. पीव्हीसीच्या लांबलचक रेणूंच्या मध्ये ते शिरतं, म्हणून रेणू एकमेकांवरून सरकू शकतात. पुरणपोळीच्या कणकेला तेल लावून मळतो तसंच काहीसं समजा. मऊ रेक्झिनमध्ये वजनाचा तिसरा हिस्साही हे द्रव्य असू शकतं.

आता गंमत अशी की हे द्रव्य पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. बंद गाडी तासभर उन्हात उभी केली तर डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. दर उन्हाळ्यात थोडं थोडं द्रव्य बाहेर पडतं. काही फोममध्ये जिरतं, काही वाफ होऊन उडतं. गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकट धुरकट थर बसलेला तुम्ही पाहिला असेल. त्यात हे द्रव्यही असतं बरं का! वर सूर्याचे अतिनील किरण रेणूंच्या साखळ्या तोडतच असतात.

द्रव्य गेलं की व्हिनाइल कडक होतं आणि आकसतं. पण खाली पत्र्याचा सांगाडा घट्ट धरून बसलेला. आकसायला जागाच नाही, मग ताण वाढतो आणि जिथे कोपरा, छिद्र किंवा वळण आहे तिथे तडा जातो. २४०झेडमध्ये मीटरांच्या वरच्या कपाळपट्टीवर तो हमखास सापडतो. फाटल्यावर कडा वर उचलल्या जातात, उन्हात वाळणाऱ्या पापडासारख्या.

मावसभावाने पहिल्या वेळी काय केलं ते सांगतो, कारण चूक समजली की पुढचं सगळं समजतं. त्याने पत्र्याचे पोचे बुजवायला वापरतात ती साधी लांबी भेगेत भरली, घासली, वर काळा स्प्रे मारला. महिनाभर काम सुरेख दिसलं. पुढच्या उन्हाळ्यात लांबीच्या दोन्ही बाजूंना दोन नव्या भेगा! एकाच्या जागी दोन. कारण सरळ आहे. व्हिनाइल आणि फोम तापल्यावर पत्र्यापेक्षा बरेच जास्त प्रसरण पावतात, थंडीत आकसतात. लांबी दगडासारखी कडक, ती हलत नाही. जोडावर रोज ओढाताण होते आणि जोड सुटतो. म्हणून इथे दोन भागांत येणारं, सुकल्यावरही रबरासारखं वाकणारं फिलर लागतं. विकत घेताना एवढं एकच नीट विचारा.

दुसऱ्या वेळी त्याने घाई केली नाही. आधी बॅटरीची तार काढली, मग डॅशबोर्ड सोडवून पूर्ण बाहेर काढला. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं आणि फोनवर फोटो काढले. डॅशबोर्ड गाडीत ठेवूनच दुरुस्ती करायचा मोह होतो, पण काचेखालच्या अरुंद जागेत हात नीट पोहोचत नाही.

मग धुणं. हे कंटाळवाणं काम आहे आणि लोक इथेच फसतात. जुन्या डॅशबोर्डवर वर्षानुवर्षांचं चकाकीचं पॉलिश असतं, त्यात सिलिकॉन. ते राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो, बसतच नाही. साबणाचं पाणी आणि ब्रश, मग मेण-तेल काढणारं द्रावण, दर वेळी नवं फडकं. फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत.

त्यानंतर भेग मोठी करायची! ऐकायला उलटं वाटतं, पण वर उचललेल्या कडा दाबून बसत नाहीत. आकसलेलं व्हिनाइल गरम केलं तरी मूळ मापाला येत नाही. म्हणून धारदार पात्याने त्या कडा उतरत्या कापायच्या, भुगा झालेला फोम काढून टाकायचा आणि भेगेच्या टोकाला बारीक गोल छिद्र पाडायचं. टोकदार टोकाशी ताण एकवटतो, गोलाईवर तो पसरतो. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का असतात, आठवा. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना बोटभर-दोन बोटं रुंद पट्टा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करायचा.

खड्डा खोल असेल तर आधी फोम भरायचा, कारण नुसतं फिलर खोल भरलं तर त्याला खालून आधार एकसारखा मिळत नाही. वरून फिलर पातळ थरांत. एक थर पूर्ण सुकू द्या, घासा, मग दुसरा. डोळ्यांनी सपाट वाटतं तेव्हा डोळे मिटून हात फिरवा, बोटांना उंचवटा लगेच कळतो. या रसायनांची वाफ आणि घासल्याची धूळ छातीत जाता कामा नये. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. रासायनिक वाफेसाठीचा गाळणीवाला मास्क घाला आणि दारं उघडी ठेवा.

आता जागा सपाट, गुळगुळीत. पण बाकीच्या डॅशबोर्डवर चामड्यासारखा दाणा आहे, त्यामुळे दुरुस्ती लांबूनही ओळखू येते. दाणा आणायला एक जाडसर स्प्रे मिळतो. दाब कमी ठेवला की थेंब मोठे, वाढवला की बारीक. आधी पुठ्ठ्यावर सराव करा. सुकल्यावर ३२० नंबरच्या कागदाने दाण्यांची टोकं हलकेच मोडा. मूळ दाण्याशी शंभर टक्के जुळत नाही, हे मान्य करूनच कामाला लागा.

शेवटी रंग. दुकानदार याला 'डाय' म्हणतात, पण हा कापडासारखा आत मुरत नाही. तो वर बसणारा लवचिक पापुद्राच असतो, म्हणून खाली पकड देणारा प्रायमर हवा. रंग फक्त दुरुस्तीच्या पट्ट्यावर नाही, पूर्ण डॅशबोर्डवर मारायचा. साधारण २५-३० सेंटीमीटरवरून, तीन-चार हलके हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. आणि रंग मॅटच घ्या. चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि दुपारी समोरचा रस्ता नीट दिसत नाही.

एवढं सगळं करायचं नसेल तर वरून चिकटवायचं प्लॅस्टिकचं कवचही मिळतं. दोन तासांत काम होतं. मला ते फारसं आवडत नाही, कारण एकदा चिकटवलं की खालचा मूळ भाग खराब केल्याशिवाय ते निघत नाही.

मावसभावाने रंगानंतर तीन दिवस डॅशबोर्ड सावलीत ठेवला आणि मगच बसवला. आता गाडी उभी करताना काचेला आतून पुठ्ठ्याचा पडदा लावतो, आणि चकाकीचा स्प्रे घरातून हद्दपार आहे. तीन उन्हाळे झाले. मीटरांच्या वर उजवीकडे दाणा थोडा वेगळा दिसतो, तेवढं मात्र तो स्वतःच प्रत्येकाला बोट लावून दाखवतो.