बायपोलर आजार आणि शरीरातला दाह

“डॉक्टर, हा आजार मनाचा की शरीराचा?” बायपोलर विकार झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात. उत्तर एकच: दोन्हींचा.

या विकारात कधी उन्माद, तर कधी नैराश्य येते. उन्मादाच्या काळात अनेक रुग्णांच्या रक्तात सीआरपी, इंटरल्युकिन-६ असे दाह दर्शवणारे घटक वाढलेले आढळतात. जंतुसंसर्ग नसतानाही रोगप्रतिकार यंत्रणा जागी झालेली असते. तिचे रासायनिक संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात आणि झोप, उत्साह, मनःस्थिती यांवर परिणाम करू शकतात.

पण दाह हे आजाराचे कारण की परिणाम, हे अजून ठरलेले नाही. लठ्ठपणा, धूम्रपान आणि अपुरी झोप यांनीही तो वाढतो. म्हणून रक्ततपासणीवरून बायपोलरचे निदान होत नाही. इन्फ्लिक्सिमॅब हे दाहरोधक औषध बायपोलर नैराश्यात वापरून पाहिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एकंदर रुग्णांना त्याचा ठोस फायदा दिसला नाही.

तेव्हा ‘दाह आहे, मग दाह कमी करणारी गोळी घेऊ’ असे मनाने ठरवू नका. लिथियम घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे लिथियम मूत्रपिंडातून कमी बाहेर पडते आणि रक्तातील त्याची पातळी वाढते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, बोलताना अडखळणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठा. ताप किंवा अंगदुखी असल्यास कोणती गोळी चालेल, हे आधी डॉक्टरांना विचारा. आणि लिथियम स्वतःहून बंद करू नका.